तार त्यांची, खांब आपल्या दारात

(अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, इथल्या युवक अभ्यास शिबिरातलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय.)



पत्रिकेवर माझा विषय 'प्रसारमाध्यमं आणि आपण' असा छापलाय. विषय गुळगुळीत आहे. त्यावर कुणीही प्राध्यापक तासभर बोलेल, टाळ्या घेईल, मानधनाचं पाकीट खिशात घालून एस.टी.नं घरी जाईल. मला तसं बोलायचं नाही. आपल्यापुढं एक रोकडा सवाल येऊन पडलाय. तो आधी मांडतो.

जिल्ह्यातल्या एका पुढाऱ्यानं केबलचं चॅनल घेतलंय. नाव घेत नाही. नाव घेतलं की भांडण त्या माणसाशी होतं, आणि हा माणूस आज ह्या पक्षात तर उद्या त्या पक्षात. त्याच्या जागी दुसरा बसला तरी माझं म्हणणं तेच राहील. तर त्या पुढाऱ्याचा माणूस मागच्या आठवड्यात आपल्या वस्तीत आला. म्हणाला, येत्या १४ एप्रिलला तुमची मिरवणूक आम्ही लाइव्ह दाखवतो. संध्याकाळी अर्धा तास तुमच्या पोरांना बोलायला देतो. पैसा एक नको. फक्त वरच्या कोपऱ्यात साहेबांचा फोटो राहील, आणि सुरुवातीला दोन मिनिटं साहेबांच्या शुभेच्छा. शिवाय तुमच्यातली दोन पोरं बातमीदार म्हणून घेतो. बूम देतो, ओळखपत्र देतो.

पोरं खूश झाली. साहजिक आहे. एक जण मला तोंडावर म्हणाला, "दादा, इतकी वर्षं आपल्याला कुणी दाखवत नव्हतं म्हणून बोंबलत होतो. आता दाखवतायत, तर तुम्हाला का खुपतंय?"

सवाल बरोबर आहे. त्याला शिव्या देऊन उत्तर होत नाही. म्हणून आज मी फक्त ह्याच सवालाचं उत्तर देणार. अर्धा तास घ्यायचा की नाही?

आधी हे चॅनल म्हणजे काय चीज आहे ते समजून घेऊ. आपण टीव्ही बघतो, पण तो घरात कुठून येतो हे बघत नाही. एका खोलीत मोठ्या डिशवर शेकडो चॅनल खाली उतरवतात. त्या खोलीला आपण कंट्रोल रूम म्हणतो. तिथून तार निघते. विजेच्या खांबावरून, समाजमंदिराच्या छपरावरून, कुणाच्या तरी शेवग्याच्या झाडावरून ती आपल्या खोपटात येते. त्याच खोलीत एक कॉम्प्युटर मांडला, एक कॅमेरा घेतला, चार पोरं नेमली, की त्याच तारेवर आपलं स्वतःचं एक चॅनल सोडता येतं. उपग्रहाच्या चॅनलला दिल्लीची परवानगी लागते, कोट्यवधी रुपये लागतात. ह्याला तेवढं काही लागत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्यानं तारवाल्या कंपन्यांच्या असल्या चॅनलसाठी नियम काढले. नोंदणीची फी चॅनलमागं १,००० रुपये. एवढ्यात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा एक फ्लेक्स होतो. तेव्हा पुढाऱ्याला हा धंदा परवडतो का, हे विचारूच नका.

दिवसभर काय चालतं त्यावर? सकाळी भक्तिगीतं. दुपारी वाढदिवसाच्या शुभेच्छा, दशक्रिया विधीच्या पट्ट्या, साड्यांचा सेल. संध्याकाळी बातम्या. बातम्यांत साहेबांनी गटाराचं भूमिपूजन केलं. साहेबांनी लग्नाला हजेरी लावली. साहेबांनी दशक्रियेला श्रद्धांजली वाहिली. आपण हसतो आणि रिमोट दाबतो. पण पोरांनो, हसण्यावारी नेऊ नका. ते चॅनल चालतं ते त्यात काय दाखवतात त्याच्यासाठी नाही. ते चालतं ते काय दाखवायचं नाही, हे ठरवण्याची खुर्ची हातात असावी म्हणून.

आपण नगर जिल्ह्यातली माणसं. ऊस आणि कारखाना आपल्याला कळतो, म्हणून कारखान्याच्या भाषेत सांगतो. कारखान्याच्या दारात सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली? बॉयलर नाही, चिमणी नाही. वजनकाटा. गाडी काट्यावर चढली की शेतकरी बोलायचा थांबतो. काटा दाखवील तो आकडा खरा. काटामारी हा शब्द आपल्या भागात शेंबड्या पोरालाही कळतो. चॅनल हा बातमीचा वजनकाटा आहे. तुमच्या वस्तीवर हल्ला झाला, घरं जळाली, त्याचं वजन किती? काटेवाला म्हणाला दोन ओळी, तर दोन ओळी. म्हणाला दोन गटांत किरकोळ वाद, तर तेच. काटा ज्याचा त्याचं वजन.

आणि हा काटा साखरवाल्यांच्या घरात जातो यात नवल काहीच नाही. लोणीला प्रवरेच्या काठावर विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्या शेअरवर उभा केला. सावकाराच्या कचाट्यातून कुणबी सुटावा म्हणून उभा केला. त्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण पुढं काय झालं? विठ्ठलरावांचा मुलगा खासदार आणि केंद्रात मंत्री. नातू राज्यात मंत्री. पणतू २०१९ ला खासदार. चौदा तालुक्यांत कमीजास्त हाच नकाशा. कारखाना, मग बँक, मग दूध संघ, मग शाळा-कॉलेज, मग इंजिनियरिंग आणि मेडिकल. एका घराच्या छपराखाली सगळी सत्ता. आणि ह्या सहकारात आपण कुठं होतो? शेअर घ्यायला ऊस पाहिजे, उसाला जमीन पाहिजे, पाणी पाहिजे. आपल्याकडं कोयता होता. म्हणजे सहकारात आपण सभासद नव्हतो, मजूर होतो. आता चॅनलात आपल्याला बूम देतायत. बूम हा कोयताच आहे. शेत दुसऱ्याचं.

हे मी हवेत बोलत नाही. कोल्हापुरात बघा. महाडिक कुटुंबाचं 'चॅनल बी' गावात घरोघरी दिसतं. धनंजय महाडिक २०१४ ला राष्ट्रवादीकडून लोकसभेत गेले, २०१९ ला पडले, २०२२ ला भाजपकडून राज्यसभेत गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या भीमा साखर कारखान्याचे ते अध्यक्ष होते. साखर, संसद आणि तार एकाच घरात. त्यांनी अमुक बातमी दाबली असा आरोप मी करत नाही. मी फक्त नकाशा दाखवतोय. पक्ष बदलला, खासदारकी गेली, परत आली. तार घरातच राहिली. खासदारकीची मुदत पाच-सहा वर्षांची असते. तारेला मुदत नसते.

आता मोठं उदाहरण. यवतमाळचं दर्डा घराणं. जवाहरलाल दर्डा काँग्रेसचे, राज्यात मंत्री होते. १९७१ ला नागपूरला त्यांनी 'लोकमत' दैनिक केलं. एक मुलगा विजय दर्डा, राज्यसभेत खासदार. दुसरा मुलगा राजेंद्र दर्डा, राज्यात मंत्री. २००८ च्या एप्रिलमध्ये ह्या घरानं दिल्ली-मुंबईच्या आयबीएन कंपनीशी निम्मी-निम्मी भागी करून 'आयबीएन लोकमत' हे मराठी बातम्यांचं चॅनल काढलं. संपादक निखिल वागळे. त्याच वर्षी 'सकाळ'वाल्यांचं 'साम' आलं, आणि 'सकाळ' प्रतापराव पवारांच्या हातात, म्हणजे शरद पवारांच्या भावाच्या. त्याच वर्षी नारायण राण्यांचं 'प्रहार' दैनिक आलं. 'सामना' तर १९८८ पासून होतंच. २००९ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही निवडणुका होत्या. हा योगायोग आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं वाटून घ्यावं.

इथं एक गोष्ट इमानदारीनं सांगितली पाहिजे. वागळेंच्या चॅनलवर पुढाऱ्यांना आडवेतिडवे सवाल विचारले जायचे, ते लोकांनी बघितलंय. पत्रकार चांगला असू शकतो. मालकाच्या घरात राहूनही तो भांडू शकतो. पण ते भांडण त्याच्या खुर्चीपुरतं असतं, आणि खुर्ची मालकाची असते. पुढं काय झालं बघा. २०१४ च्या मे महिन्यात मुकेश अंबानींच्या रिलायन्सनं नेटवर्क १८ कंपनी ताब्यात घेतली. आयबीएन लोकमतमधला तो अर्धा हिस्सा अंबानींच्या घरात गेला. पुढं चॅनलचं नाव बदलून 'न्यूज १८ लोकमत' झालं. म्हणजे आधी पुढाऱ्यानं काटा घेतला, मग पुढाऱ्याच्या शेजारी शेठ येऊन बसला. आपण मात्र दोन्ही वेळेस काट्यावरच.

ह्या सगळ्याचा फायदा पुढाऱ्याला नेमका काय होतो? त्याची पावती महाराष्ट्रात एकदा उघड्यावर पडलीये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर मोठमोठ्या पेपरांतून पानंच्या पानं स्तुती आली. 'अशोकपर्व' म्हणत होते त्याला. त्यावर कुठंही जाहिरात असं लिहिलेलं नव्हतं. पी. साईनाथ ह्या पत्रकारानं ती पानं गोळा केली आणि शेजारी चव्हाणांनी निवडणूक आयोगाला दिलेला खर्च ठेवला. पेपरातल्या जाहिराती, ५,३७९ रुपये. केबल टीव्हीवरच्या जाहिराती, ६,००० रुपये. मुख्यमंत्र्याचा केबलवरचा प्रचार सहा हजारांत! आपल्या वस्तीतल्या मंडळाचा डीजे त्यात येत नाही. प्रकरण पाच वर्षं चाललं. २०१४ च्या जुलैत आयोगानं चव्हाणांवर ठपका ठेवला, सप्टेंबरात दिल्ली हायकोर्टानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. कायदा तिथं थांबला.

पण आपण थांबू नये. त्यातून एक हिशेब शिकावा. दुसऱ्याच्या पेपरात स्तुती छापून आणायची तर पैसे मोजावे लागतात. पैसे मोजले की कुठंतरी खूण राहते. खूण राहिली की साईनाथसारखा एखादा तिच्या मागं लागतो. मग पुढारी शहाणा होतो. दुसऱ्याला पैसे द्यायचेच कशाला? चॅनलच आपलं करू. आपल्या घरात आपण आपली आरती ओवाळली तर बिल कुणाच्या नावानं फाडणार? आणि ते चॅनल चालवायचा पैसा कुठून येतो? तुमच्याकडून. महिन्याच्या महिन्याला केबलवाला येतो, आपली आई पदराची गाठ सोडून पैसे देते. २०१९ ला ट्रायनं पहिल्या शंभर चॅनलसाठी नुसतं तारेचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये अधिक कर असं ठरवलं होतं. म्हणजे पुढाऱ्याच्या प्रचाराचा खर्च मतदार हप्त्याहप्त्यानं भरतो, आणि तो कुठल्याच निवडणूक खर्चात दिसत नाही.

आता तामिळनाडूत चला. तिथली गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात कडू आहे, कारण ती चळवळीची गोष्ट आहे. पेरियारची ब्राह्मणशाहीविरुद्धची चळवळ. त्यातून द्रमुक निघाला. नाटकं, सिनेमा, पेपर ह्यांच्या जोरावर वाढला. आणि १४ एप्रिल १९९३ ला तिथं सन टीव्ही सुरू झाला. तारीख ऐकलीत ना? चौदा एप्रिल. तामिळ वर्षाचा पहिला दिवस म्हणून निवडलेली. मालक कलानिधी मारन, करुणानिधींच्या भाच्याचा मुलगा. पुढं त्याच घराकडं 'सुमंगली' नावाची केबल कंपनीही होती. म्हणजे चॅनलही घरचं आणि तारही घरची.

२००७ च्या मे महिन्यात त्या घरात भांडण लागलं. करुणानिधींचा वारस कोण, असा लोकमताचा कौल मारनांच्या 'दिनकरन' पेपरनं छापला. मदुरैच्या त्यांच्या कचेरीवर हल्ला झाला, आग लागली, तीन नोकर मेले. वारसदार मेला नाही. मालक मेला नाही. पगारावरची तीन माणसं मेली. त्याच वर्षी करुणानिधींच्या बाजूनं नवं 'कलैनार' चॅनल निघालं, आणि त्यांच्या सरकारनं 'अरसू' ही सरकारी केबल कंपनी काढली. भाच्याच्या पोराची तार तोडायला सरकारची तार! २०११ ला जयललिता आल्या. त्यांचा स्वतःचा जया टीव्ही होताच. त्यांनी अरसू परत चालू केली, महिना ७० रुपयांत. गरिबाला केबल स्वस्त मिळाली, हे खरं. पण चळवळ कुठं गेली? तिच्या नावावर एक घर, एक चॅनल, एक तार. बाकी सगळे प्रेक्षक.

तुम्ही म्हणाल, कायदा काय करतो? कायद्यानं एक थोर गोष्ट सांगून ठेवलीये. १९९५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत. आपल्या महाराष्ट्राचे. हेच सावंतसाहेब म्हातारपणी २०१७ च्या एल्गार परिषदेच्या मागं उभे राहिले. हवा सार्वजनिक, म्हणजे गावच्या पाणवठ्यासारखी. आणि पाणवठा सार्वजनिक आहे असं कागदावर लिहिल्यानं पाणी मिळत नाही, हे महाडच्या लेकरांना शिकवायला नको. ट्रायनं २००८ मध्ये शिफारस केली की राजकीय पक्षांना चॅनल आणि केबलच्या धंद्यात येऊ देऊ नका. २०१२ मध्ये तीच शिफारस पुन्हा. २०१४ मध्ये पुन्हा. बंदीचा कायदा झाला नाही. करणार कोण? ज्यांच्या घरात तार आहे तेच सभागृहात बसलेत.

आता आपल्या दारात येऊ.

२०१३ च्या पहिल्याच दिवशी नेवासे तालुक्यात सोनईजवळ मेहतर समाजाची तीन पोरं मारली गेली. खटला नगरहून नाशिकला न्यावा लागला. २०१८ च्या जानेवारीत तिथल्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली. २०१४ च्या एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांचा आपला पोरगा मारला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून. २०१७ च्या नोव्हेंबरात कोर्टात साक्षीदार फुटले आणि सगळे आरोपी सुटले. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या पोराला मारलं, मोबाइलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून. हे सगळं आपल्या जिल्ह्यात, अडीच वर्षांत.

साक्षीदार फुटतो कसा? त्याला आधी एकटं पाडतात. तो गावात राहतो, त्याचं रेशन गावात, त्याचं काम पाटलाच्या रानात. तुझ्या मागं कुणी नाही, असं त्याला रोज ऐकवतात. त्याच वेळी त्याच्या घरातल्या टीव्हीवर त्याची बातमी रोज दिसली असती, तो खटला रोज बोलला गेला असता, तर त्याला वाटलं असतं, आपल्यामागं जग आहे. तीन वर्षांत त्याला ते किती दिवस दिसलं? घटनेनंतर मुंबईच्या गाड्या येतात, चार दिवस राहतात, जातात. नंतरची तीन वर्षं गावात जी तार उरते ती स्थानिक पुढाऱ्याची. आणि त्या पुढाऱ्याला मतं कुठून पडतात? गावातून. वस्तीची मतं वेगळी मोजली जातात, पण निवडून आणतो गाव. त्याचा काटा कुठं झुकणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. महिनाभर मोठ्या माध्यमांना ती दिसली नाहीत. जिथं दिसली तिथं 'अनैतिक संबंधातून' अशी छापली गेली. काट्यावर मेलेल्या बाईची अब्रूही कमी भरली. आपली माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा कुठं आकडा बदलला. तेव्हा तर 'आयबीएन लोकमत', 'साम' आलीही नव्हती. नुसती जात होती. आता जातीच्या हातात तार आलीये.

ह्यावर आपल्यातला एक शहाणा म्हणतो, मग आपल्याच पुढाऱ्याला चॅनल काढू दे ना! निळ्या झेंड्याचं चॅनल!

दोस्तांनो, आपल्यातले पुढारी आपण बघितलेत. १९७२ ला पँथर निघाली, दोन वर्षांत फुटली. नामदेव ढसाळांएवढा कवी आपण जन्माला घातला, आणि त्यानं पुढं स्तंभ कुठं लिहिला? 'सामना'त. मी त्याच्या कवितेला हात लावत नाही, ती आपली आहे. पण एवढ्या मोठ्या माणसाला आपण स्वतःचं एक पान देऊ शकलो नाही, दुसऱ्याच्या वाड्यात जागा घ्यावी लागली, ह्यात थोडी लाज आपलीही आहे. आणि २०१६ चा जून विसरू नका. दादरचं आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण छापखाना रात्रीतून पाडला. कुणाच्या नावानं? बाबासाहेबांनीच स्थापलेल्या पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या नावानं. बाहेरचा शत्रू आला नव्हता. कागदावर आपलंच नाव होतं. म्हणून मी म्हणतो, मालक आपल्या जातीचा आहे एवढ्यानं वस्तू आपली होत नाही. त्याला जाब विचारायचा हक्क ज्यांच्या हातात, त्यांची ती वस्तू.

दुसरा शहाणा आणखी पुढचा. तो म्हणतो, 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिलेच की. राजाचे चालले, मग आमदाराचे का नाही?

हा खरा सवाल आहे. ऐका. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. 'केसरी'नं त्याची जाहिरातसुद्धा छापायचं नाकारलं. पैसे घेऊनही नाही. तेव्हा शाहू महाराजांचे पैसे आले. पण अंकाच्या कोपऱ्यात महाराजांचा फोटो ठेवा, सुरुवातीला महाराजांच्या शुभेच्छा छापा, असा सौदा त्यात नव्हता. महाराजांना मतं मागायची नव्हती. आणि ते पैसे घेऊनही 'मूकनायक' फार वर्षं टिकला नाही. मग बाबासाहेब काय शिकले? १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढला, तो बंद पडला. १९३० ला 'जनता' काढला, तो पंचवीस वर्षं चालला आणि १९५६ ला त्याचंच 'प्रबुद्ध भारत' झालं. वर्गणी, वर्गणी, वर्गणी. ज्याच्या अंगावर धड सदरा नाही त्याच्याकडून आणे गोळा केले. कारण आणे देणारा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन विचारतो, माझ्या गावची बातमी का आली नाही?

आणि लांब कशाला? सोनई ज्या नेवासे तालुक्यात, त्याच तालुक्यात तरवडी नावाचं गाव आहे. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी १९१० ला 'दीनमित्र' सुरू केलं आणि पुढं तरवडीसारख्या खेड्यातून १९६७ पर्यंत, मरेपर्यंत चालवलं. जिथं पक्का रस्ता नव्हता तिथं छापखाना होता. ना कारखाना, ना आमदारकी. सत्तावन्न वर्षं! आणि आज हातात फोन असलेले आपण म्हणतो, आपल्याकडं साधन नाही.

फोनचंही खरं सांगतो. यूट्यूबवर टाकलं म्हणजे आपलं झालं असं समजू नका. ती तार अमेरिकेतल्या शेठची. नागपुरात आपल्या लोकांनी 'लॉर्ड बुद्धा', 'आवाज इंडिया' अशी चॅनल काढली, त्यांना विचारा, केबलवाल्यांच्या यादीत जागा मिळवायला काय मोजावं लागतं. उपग्रहावर चढलं तरी शेवटची दोनशे फूट तार स्थानिक माणसाची असते. तिथं गाडं अडतं. म्हणून कुठल्याही एका तारेवर जीव टांगू नका.

मग अर्धा तास घ्यायचा की नाही?

माझं मत सांगतो. फुकट घ्यायचा नाही. त्या चॅनलचा जाहिरातीचा दर काय आहे ते लेखी विचारा. वस्तीत पावती पुस्तक फिरवा. घरटी दहा रुपये, वीस रुपये. तेवढे पैसे भरा, त्यांच्याकडून पक्की पावती घ्या, आणि अर्धा तास विकत घ्या. कोपऱ्यात फोटो नाही, शुभेच्छा नाहीत, काटछाट नाही. त्या अर्ध्या तासात खर्ड्याच्या निकालावर बोला, सोनईवर बोला. पैसे घेऊनही नाही म्हणाले तर उत्तम. मग ते कशासाठी फुकट देत होते हे वस्तीला आपोआप कळेल. आणि शंभर वर्षांनी 'केसरी'च्या शेजारी कोण जाऊन बसलं, तेही कळेल.

ज्या दोन पोरांना नोकरी देऊ केलीये त्यांना मी दलाल म्हणणार नाही. घरात चूल पेटवायची असते. जा, काम शिका. कॅमेरा शिका, कंट्रोल रूम कशी चालते ते शिका. पण नेमणुकीचं पत्र आणि पगार लेखी मागा. नुसतं ओळखपत्र गळ्यात घालून जाहिराती गोळा करायला लावतील तर त्याला बातमीदारी म्हणत नाहीत, वेठबिगारी म्हणतात. आपल्या आज्यानं ती गावाची केली, तुम्ही चॅनलची करू नका.

तिसरं काम सगळ्यांचं. त्याच २०२२ च्या नियमांत लिहिलंय की अशा चॅनलनं दाखवलेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचं. केबलच्या कायद्यात एखाद्या समाजाची बदनामी करणारा कार्यक्रम दाखवायला मनाई आहे, आणि तक्रार घ्यायला जिल्हाधिकारी, प्रांत असे अधिकारी नेमलेत. अॅट्रॉसिटी कायद्यातही आपल्याविरुद्ध द्वेष पसरवणारं बोलणं, लिहिणं, दाखवणं हा गुन्हा आहे. तेव्हा वस्तीतल्या दोन पोरींनी आणि दोन पोरांनी रोज संध्याकाळच्या बातम्या वही घेऊन बघायच्या. तारीख, वेळ, काय दाखवलं, काय गाळलं. नव्वद दिवस संपायच्या आत लेखी अर्ज, आणि अर्जाची पोच. गाळलेल्या बातम्यांची यादी दर महिन्याला ह्या आपल्या अंकात छापायची. काट्याला दुसरा काटा लावायचा. मारहाणीपेक्षा ह्या वहीला ते जास्त भितील, मी सांगतो.

आणि हा अंक. दोनशे प्रती निघतात. त्यातल्या किती जणांनी वर्गणी भरलीये? इथं बसलेल्यांपैकी हात वर करा.

दिसले मला. पुरे, खाली घ्या.

पुढाऱ्याचं चॅनल फुकट दिसतं म्हणून आपण बघतो, आणि आपला अंक वर्गणी मागतो म्हणून तोंड फिरवतो. मग तार त्यांची आणि खांब आपल्या दारात, हे असंच चालायचं. पावती पुस्तक माझ्याकडं आहे. चहाच्या आधी मी दाराशी उभा राहतोय.

जय भीम.